आवाज नसलेली ज्यूडी : 'डॅडी लाँग लेग्ज' (१९१९)

रिकामटेकडी

या कादंबरीवर मूकपट निघाला होता हे मला ठाऊकच नव्हतं. कळलं तेव्हा आधी हसू आलं. जीन वेब्स्टरच्या १९१२ सालच्या या पुस्तकात पहिलं प्रकरण सोडलं तर सगळी पत्रंच आहेत. एक मुलगी पुस्तकभर एकटी बोलत सुटते आणि समोरून उत्तर म्हणून येत नाही. त्यातली बडबडच काढून घेतली तर राहिलं काय? वांगं काढून घेतलेलं भरीत!

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. जॉन ग्रिअर होम नावाचा अनाथाश्रम. तिथे ९७ पोरं, आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या लिपेटबाई. नायिकेचं नाव जेरुशा ॲबट. आडनाव टेलिफोनच्या यादीतल्या पहिल्या पानावरून उचललेलं, नाव थडग्याच्या दगडावरून. (पुढे ती स्वतःच स्वतःचं ज्यूडी करून घेते. बरं करते.) दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी विश्वस्त तपासणीला येणार, त्या दिवशी आश्रमात जी धांदल उडते तिच्यावर ही पोरगी एक खवचट निबंध लिहिते. तो वाचून एका विश्वस्ताला हसू येतं आणि तो तिला कॉलेजात पाठवायचं ठरवतो. अटी अशा : महिना ३५ डॉलर हातखर्चाला मिळतील, तिने दरमहा एक पत्र लिहायचं, पैशांबद्दल आभार मानायचे नाहीत आणि उत्तराची वाट बघायची नाही. नाव सांगायचं 'जॉन स्मिथ', म्हणजे आपल्याकडचा 'अमुक तमुक'. तिने त्याला पाहिलेलं नाही. मोटारीच्या दिव्यांच्या झोतात भिंतीवर पडलेली त्याची सावली तेवढी दिसली, सगळे हातपाय, कोळ्यासारखी. म्हणून ती त्याला म्हणते डॅडी लाँग लेग्ज.

मग कॉलेज, मैत्रिणी, त्यातल्या एकीचा श्रीमंत आणि जरा विक्षिप्त काका जर्व्हिस पेंडल्टन, दुसरीचा भाऊ जिमी मॅकब्राइड. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ज्यूडीला शेवटपर्यंत ओळखता येत नाही, आणि पुस्तकातली अर्धी गंमत तीच आहे.

आता सिनेमा. दिग्दर्शक मार्शल नीलन, नायिका मेरी पिकफर्ड. मे १९१९ मध्ये लागला तेव्हा बाई २७ वर्षांच्या होत्या आणि पडद्यावर सुरुवातीला बारा वर्षांच्या! मी नाक मुरडूनच बसले होते. पाच मिनिटांत विसरले. ती बारा वर्षांची 'दिसते' असं मी म्हणणार नाही, ती बारा वर्षांच्या पोरीसारखी *चिडते*. सगळं अंग चिडतं, कोपरांपासून टाचांपर्यंत.

पुस्तकात अनाथाश्रम एका प्रकरणात आटपतो. सिनेमात जवळजवळ अर्धा वेळ आपण तिथेच असतो, आणि माझ्या मते सिनेमा खरा तिथेच आहे. सुरुवातीलाच पोलिसाला राखेच्या डब्यात बाळ सापडतं. पुढे रोजच्या रोज ताटात पडणाऱ्या सुकवलेल्या आलुबुखाराविरुद्ध ज्यूडी संप पुकारते. वसतिगृहात राहिलेल्यांनी आलुबुखाराच्या जागी दोडका घालून बघावा, लगेच कळेल. शिक्षा म्हणून उपाशी राहायची वेळ येते आणि ज्यूडी आणि तिचा जोडीदार (वेस्ली बॅरी, चेहराभर ठिपके) यांच्या हाती सफरचंदाच्या दारूचा बुधला लागतो. झिंगलेली पोरं कमी पडली म्हणून की काय, एक कुत्रासुद्धा झिंगतो. मी एकटीच मोठ्याने हसत होते. शेजारच्या खोलीतून विचारणा झाली.

आणि ह्याच्यानंतर तोच सिनेमा आजारी, मरायला टेकलेल्या एका लेकराला घडीभर हातात धरायला मिळावी म्हणून ज्यूडी श्रीमंत पोरीची बाहुली पळवते ते दाखवतो. हसू अजून तोंडावर असतं आणि घशाशी काहीतरी येतं. भडक आहे का? आहे. चालतं का? माझ्यावर चाललं.

दुसऱ्या भागात कॉलेज आणि प्रेम. देखणं आहे, छान आहे, पण इथे मला पुस्तकातली ज्यूडी आठवायला लागली. पुस्तकात ती 'डॅडी'शी भांडते. टोप्या घे म्हणून आलेला ५० डॉलरचा चेक परत पाठवते. शिष्यवृत्ती मिळते, त्याला ती पसंत नसते, तरी ही घेते. स्वतः लिहून कमावल्यावर हजार डॉलर परत करते, म्हणजे उपकाराची फेड डॉलरमध्ये मोजून. सिनेमा संपला तेव्हा यातलं काही माझ्या मनात राहिलं नव्हतं. राहिले ते तिचे हात आणि तिचं पळणं.

तर प्रश्न असा : लेखणीच जिचं हत्यार आहे अशा मुलीची गोष्ट मूकपटात सांगितली, तर प्रेमकथा तीच राहते का? मला वाटतं नाही राहत. पुस्तकात ती त्याला जिंकते. सिनेमात ती त्याला मिळते. तुम्हाला काय वाटतं?

गोगलगाय

वाचतेय. सिनेमा फुकट बघता येतो का?

रिकामटेकडी

हो, अमेरिकेत त्याचा स्वामित्वहक्क कधीच संपलाय. आंतरजालावर सहज मिळतो, दीड तासाच्या आतबाहेर. फक्त प्रत बघून घ्या. काही प्रतींत माणसं मुंग्यांसारखी पळतात. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर कमी वेगाने घेतलेलं चित्रण पुढच्या काळातल्या वेगाने चालवलं की तसं होतं. तशी प्रत लागली तर बंद करून दुसरी शोधा, नाहीतर जुने लोक असेच चालायचे असा समज होतो.

कोकणचा रेडा

मी जरा पाण्यात दगड टाकतो. हा जर्व्हिस मला पहिल्यापासून डोक्यात जातो. मुलगी तुम्हाला वडिलांच्या जागी मानून मनातलं सगळं लिहितेय. तुमच्याबद्दलसुद्धा तुम्हालाच लिहितेय आणि तुम्ही गुपचूप वाचताय. तिला मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर सुट्टीला जायचं असतं, तिथे तो जिमी असणार म्हणून तुम्ही कारकुनाकरवी हुकूम धाडता की शेतावरच जायचं! आणि शेत कुठलं, तर जिथे लहानपणी तुम्ही स्वतः राहून गेलात, ते. याला प्रेम म्हणायचं? आमच्याकडे याला डाव म्हणतात.

वर १४ वर्षांचं अंतर.

मीनल ना

रेडेबुवा +१. मी शाळेत असताना वाचलं तेव्हा हे इतकं गोड वाटलं होतं की काय सांगू. मागच्या वर्षी लेकीला वाचायला दिलं. तिने संपवून पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आई, त्याने तिला सांगायला हवं होतं ना." पुढे काही बोलली नाही. मला तरी काय बोलायचं सुचलं असतं.

अभ्यासू अण्णा

१४ वर्षांचं म्हणाल तर 'शारदा' नाटकातल्या म्हाताऱ्या नवरदेवापुढे, भुजंगनाथापुढे, जर्व्हिस म्हणजे कोवळा पोर! हलके घ्या.

गंभीरपणे : लेखिका कोण होती हे लक्षात घेतलं तर चित्र थोडं बदलतं. जीन वेब्स्टर ही मार्क ट्वेनची नात्यातली. तिच्या आईचा सख्खा मामा ट्वेन. वडील ट्वेनचे प्रकाशक होते, 'हकलबरी फिन'ची अमेरिकन आवृत्ती त्यांच्याच नावाच्या प्रकाशनसंस्थेने काढली. पुढे धंद्यावरून बिनसलं आणि १८९१ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. ती व्हासर कॉलेजात शिकली, १९०१ ची पदवीधर. कॉलेजात असतानाच अनाथांच्या, गरजूंच्या संस्था बघायला जायची. स्त्रियांच्या मताधिकाराची खंदी समर्थक. ज्यूडी पत्रात एके ठिकाणी विचारते की बायका नागरिक आहेत का, तर तिला नाही वाटत तसं. तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत बायकांना मत नव्हतं, देशभर मिळालं १९२० मध्ये.

म्हणजे खवचटपणा पानापानांत आहे. रिकामटेकडीताई म्हणतात ते मला पटतं. पत्र हा प्रकार असा की वाचणाऱ्याकडे पैसा असला तरी सूर लिहिणाऱ्याच्या हातात. जर्व्हिस डाव टाकतो, पण पुस्तकभर आपण ऐकतो फक्त तिचं. त्याला चार वर्षं तोंड उघडायची परवानगी नाही, अट त्याचीच!

वेब्स्टरबाईंनी स्वतः याचं नाटक केलं, १९१४ मध्ये रंगभूमीवर आलं आणि गाजलं. सिनेमा मात्र त्यांना बघायला मिळाला नाही. १९१६ च्या जूनमध्ये मुलीला जन्म दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. वय ३९.

गोगलगाय

अरेरे. हे माहीत नव्हतं.

टोरांटोकर

मेरी पिकफर्ड आमच्या गावची बरं का! जन्म १८९२, खरं नाव ग्लॅडिस स्मिथ. युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर लहान मुलांचं जे मोठं हॉस्पिटल आहे तिथेच जवळ तिचा अर्धपुतळा आहे. मुलाला घेऊन तिथे जाणं झालं होतं तेव्हा तासन् तास वाट बघताना मी कितीदा त्याच्यासमोरून फिरलो असेन. ही कोण बाई, हा प्रश्न कधी पडला नाही. धागा वाचल्यावर डोक्यात प्रकाश.

वडील लवकर गेल्यामुळे अगदी लहान असल्यापासून ती नाटकात कामं करून घर चालवायची असं वाचलं. म्हणजे बालपण हे तिने कामावर असतानाच केलं म्हणा ना.

अभ्यासू अण्णा

टोरांटोकर, शेवटचं वाक्य आवडलं.

आणि विरोधाभास पाहा. राखेच्या डब्यात सापडलेल्या पोरीचं काम करणारी ही बाई त्या वेळी जगातल्या सर्वांत जास्त पैसे घेणाऱ्या कलाकारांपैकी होती. ॲडॉल्फ झुकरची कंपनी सोडून ती फर्स्ट नॅशनलकडे गेली ती तीन चित्रपटांचे पावणेसात लाख डॉलर आणि वर नफ्यात निम्मा वाटा ठरवून. त्या तिघांतला पहिला हा. निर्माती तीच. आणि याच सुमाराला, फेब्रुवारी १९१९ मध्ये, चॅप्लिन, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्याबरोबर तिने युनायटेड आर्टिस्ट्स ही चित्रपट कंपनी काढली. करार वाचताना ती कुणाला 'डॅडी' म्हणत नव्हती.

कोकणचा रेडा

मग असा सिनेमा काढायचा तर जर्व्हिसचे पाय जरा आखूड तरी करायचे!

पानतंबाखू

मी छायाचित्रणातला माणूस, तेव्हा माझी पिंक. चार्ल्स रोशर नावाचा कॅमेरामन तिच्याबरोबर वर्षानुवर्षं होता, या सिनेमालाही. तिच्या केसांच्या कडेने जी प्रकाशाची रेघ दिसते ना, ती नीट बघा. पाठीमागून उजेड घेऊन समोरून तो हलका परतवलाय. आज आम्ही पांढरा थर्माकोल धरतो तेच. मेरी उंचीला जेमतेम पाच फूट, त्यामुळे लहान दिसायला अर्धी मदत तिथेच. बाकी युक्त्या तिच्या इतर सिनेमांत आहेत. १९१७ च्या एका सिनेमात तिला लहान दाखवायला खुर्च्या-टेबलं मोठ्या मापाची बनवली होती. १९२१ मध्ये तर एकाच सिनेमात ती आई आणि मुलगा दोन्ही झाली. रोशरने एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून दोघांना एका चौकटीत आणलं. संगणक नाही, काही नाही. हाताने मोजून फिल्म मागे फिरवायची.

एक गंमत कोणी सांगितली नाही अजून. जिमी मॅकब्राइडचं काम कोणी केलंय? खुद्द दिग्दर्शक नीलननेच! म्हणजे सेटवर सगळ्यांना हुकूम सोडणारा माणूस पडद्यावर हरणारा प्रतिस्पर्धी. आणि सांगतो, नायकापेक्षा तोच जास्त जिवंत वाटतो. जर्व्हिस झालेला मेलन हॅमिल्टन रुबाबदार आहे, उंच आहे, संपलं.

मीनल ना

हो! मी काल बघितला आणि मला जिमीच आवडला. माझं आयुष्यभर हेच होत आलंय.

दिवाकरपंत

नमस्कार मंडळी. उशिरा आलो.

२७ वर्षांच्या बाईने बारा वर्षांची मुलगी होणं आपल्याला विचित्र वाटायचं कारण नाही. त्याच वर्षी, १९१९ मध्ये, आपल्याकडे बालगंधर्व तिशीत होते आणि घराघरातल्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकत होत्या. प्रेक्षक एकदा 'हो' म्हणाला की झालं.

पण त्याच वर्षीचा दुसरा एक सिनेमा मला जास्त आठवतोय. दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन'. त्यात बाळकृष्ण झालीय त्यांची मुलगी मंदाकिनी, वय वर्षं सात. गोष्ट सुरू होण्याआधी फाळके काय करतात, तर नुसता तिचा चेहरा दाखवतात आणि त्यावर एकामागून एक भाव. वर पाटी लावून सांगतात की ही सात वर्षांची मुलगी आहे, तिचा मुद्राभिनय पाहा. बापाचं कौतुक लपत नाही. नशिबाने या सिनेमाचा बराच भाग शिल्लक आहे.

दोन्ही एकापाठोपाठ बघा असं सुचवतो. तिकडे मोठी बाई मूल होते आणि प्रत्येक हालचाल पक्की घोटलेली. इकडे खरंच मूल आहे, आणि मधूनच ते कॅमेऱ्यामागे बापाकडे बघतंय की काय अशी शंका येते. मला दुसरं जास्त आवडतं, पण ते आमच्या घरचं म्हणून असेल.

रिकामटेकडी

पंत, आज रात्रीचं ठरलं मग. मनापासून आभार.

दिवाकरपंत

अजून एक, मूळ प्रश्नाबद्दल. आमचे आजोबा सांगायचे की मूकपटाला गेलं की 'मूक' असं काही नसे. पडद्यापाशी पेटी-तबला असे. आणि पाटी आली की ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, कधी दोघे-तिघे एकदम. अक्षरओळख नसलेले बाकीचे मागून "काय म्हनतोय, काय म्हनतोय" करत. म्हणजे पडद्यावरच्या पत्राला आवाज असायचाच, तो फक्त नायिकेचा नसायचा, आपल्या शेजाऱ्याचा असायचा. आपण एकटे कानाला ते बोंडूक लावून बघतो म्हणून आपल्याला शांतता जाणवते.

अभ्यासू अण्णा

वा पंत. या बाजूने विचारच केला नव्हता.

फिल्मी किडा

याच कथेवरून आपल्याकडेही निघालेत. आय. व्ही. शशींनी १९८४ मध्ये मल्याळममध्ये 'काणामरयत्तु' केला, मामूटी आणि शोभना. त्याचाच त्यांनीच केलेला हिंदी अवतार म्हणजे १९८६ चा 'अनोखा रिश्ता', राजेश खन्ना. हॉलिवूडनेही पुन्हा पुन्हा केला, १९३१ मध्ये जॅनेट गेनरला घेऊन आणि १९५५ मध्ये फ्रेड अस्टेअर आणि लेस्ली कॅरन. अस्टेअर त्या वर्षी ५६ चा, ती २४ ची. रेडेबुवा, १४ वर थांबल्याबद्दल जर्व्हिसचे आभार माना.

कोकणचा रेडा

मानले. पत्राने कळवतो. उत्तर नको.

तोक्योतली ताई

जपानमध्ये ही गोष्ट अजून घरोघरी माहीत आहे. 'आशिनागा ओजिसान', म्हणजे शब्दशः लांबपाय काका. नाव न सांगता मदत करणाऱ्याला बोलण्यात सर्रास असं म्हणतात. आईवडील गमावलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी मदत करणारी 'आशिनागा' नावाची मोठी संस्थाही आहे. हे लोक चौकात पेट्या घेऊन उभे असतात तेव्हा मुलंही बरोबर उभी असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव कुठून आलं ते मला कळलं आणि मी रस्त्यातच ज्यूडीला आठवून रडले, नवरा घाबरला. १९९० मध्ये इथे याच्यावर कार्टून मालिकाही आली होती. त्यात ज्यूडीच्या दोन वेण्या उभ्याच्या उभ्या!

थोडक्यात, नवरा होणारा डॅडी इथे बराचसा विसरला गेलाय आणि शिकवणारा डॅडी तेवढा उरलाय. मला हे बरं वाटतं.

गोगलगाय

बघितला शेवटी! कुत्र्याला पारितोषिक द्या.

एक शंका. १९१९ मध्येच अमेरिकेत दारूबंदी ना? मग लहान मुलांना पाजलेली चालली?

अभ्यासू अण्णा

दारूबंदीची घटनादुरुस्ती जानेवारी १९१९ मध्ये मंजूर झाली, अंमल जानेवारी १९२० पासून. म्हणजे सिनेमा आला तेव्हा बुधले अजून भरलेले होते, पण तारीख ठरली होती. त्या प्रेक्षकांना तो प्रसंग जरा जास्तच गोड लागला असावा असा माझा अंदाज.

रिकामटेकडी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. रेडेबुवांचा जर्व्हिसवरचा राग मला मान्य आहे, आणि तरी पुस्तक माझ्या उशाशी राहणार आहे, याला इलाज नाही.

काल आईला सिनेमा दाखवला. तिचं इंग्रजी बेताचं, म्हणून पंतांच्या आजोबांची आठवण ठेवून मी पाट्या मोठ्याने मराठीत वाचायला बसले. आवाज बदलून वगैरे. आश्रमाचा भाग संपेपर्यंत तिने ऐकून घेतलं. बाहुलीच्या प्रसंगाला डोळ्याला पदर लावला. ज्यूडी कॉलेजात गेल्यावर मी पुढची पाटी वाचायला लागले तर म्हणाली, "वाचू नकोस गं, कळतंय मला. तू मधे बोललीस की तिचं तोंड बघायचं राहतं."

वरचा माझा प्रश्न मी अजून मागे घेतलेला नाही. पण आईचं हे उत्तर इथे नोंदवून ठेवते.

पानतंबाखू

आईंना आमच्या खात्यात घ्या.

मीनल ना

मराठीत नाव काय द्यायचं ते राहिलंच की! मी सुरुवात करते : 'लंबूकाका'.

कोकणचा रेडा

'ढांगेबुवा'.

दिवाकरपंत

'रा. रा. तंगडे यांस'. पत्रं आहेत ना, मायना तरी नीट हवा.